मजकूर मान्य व कबूल नाही : दिवाणी दाव्यातले लेखी प्रश्न, कागदांची मागणी आणि आपल्या हरकती

एक वाक्य वाचून सुरुवात करतो. "अर्जातील संपूर्ण मजकूर खोटा, लबाडीचा, काल्पनिक व पश्चातबुद्धीचा असून तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही, सबब अर्ज खर्चासह नामंजूर व्हावा." इथे बसलेल्यांपैकी ज्यांचा कोर्टाशी कधी संबंध आला, त्यांना हे वाक्य तोंडपाठ असणार. अंबडच्या कोर्टात, जालन्यात, संभाजीनगरला, कुठेही जा, ते भेटतंच. आज आम्ही त्याच्याकडे जरा टीकाकाराच्या नजरेनं बघणार आहोत. हे वाक्य काय सांगतं, काय लपवतं, आणि कायद्यानं त्याच्या जागी खरं तर काय मागितलं होतं, एवढाच आजचा विषय.

दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 ची. तिच्यातला अकरावा आदेश, आपण ज्याला ऑर्डर अकरा म्हणतो, तो समोरच्याला लेखी प्रश्न विचारायचा आणि त्याच्याकडचे कागद मागायचा. कलम 30 मध्ये कोर्टाला तसे आदेश द्यायचे अधिकार आहेत. आपल्या भागात ही संहिता 1 एप्रिल 1951 पासून लागू झाली. त्याआधी हैदराबाद संस्थानाची वेगळी व्यवस्था होती. म्हणजे सात दशकं उलटून गेली. आमचं मत स्पष्ट सांगतो : संहितेतला हा सगळ्यात विचारपूर्वक लिहिलेला आणि तालुका कोर्टात सगळ्यात कमी वाचला गेलेला भाग आहे.

का, ते एका उदाहरणानं बघू. उदाहरण काल्पनिक आहे, कुणी आपल्या भावकीवर घेऊ नये. समजा, अंबड तालुक्यात डाव्या कालव्याखाली आठ एकर जमीन आहे. चार एकर मोसंबी, बाकी ऊस. वडील वारले. बहिणीनं वाटणीचा दावा लावला. दोघं भाऊ कैफियतीत म्हणतात, 1998 साली घरात तोंडी वाटणी झाली, बहिणीला लग्नात दिलं तेच तिचं, आता तिचा काही संबंध नाही.

आता कायदा काय म्हणतो? 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानं सहदायाद झाली. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेली वाटणी तेवढी वाचवलेली आहे, पण वाटणी म्हणजे नोंदणीकृत दस्त किंवा कोर्टाचा हुकूमनामा. सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात तोंडी वाटणीची पळवाट जवळजवळ बंद केली. नुसत्या तोंडी पुराव्यावर ती मानायची नाही. अपवाद म्हणून, सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच. म्हणजे या दाव्याचा सगळा जीव कागदात आहे. आणि कागद कुणाकडे? भावांकडे. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्याकडे.

सातबारा, फेरफार, आठ-अ यांच्या नकला बहीण तहसीलमधून काढेल. जुनी खासरा, पाहणी पत्रकं हवी असतील तर तीही मिळवेल. याच तालुक्यातल्या अंतरवाली सराटीमुळे 2023 साली निजामकाळातल्या नोंदी हा विषय महाराष्ट्रभर घराघरात पोहोचला, तेव्हापासून दप्तरात काय सापडू शकतं हे लोकांना नव्यानं कळलंय. माहितीचा अधिकार आहेच. पण या सगळ्या वाटा सरकारी कागदापर्यंत जातात. मोसंबी विकल्यावर आडत्यानं दिलेली पट्टी, उसाचं बिल कुणाच्या खात्यावर जमा झालं ते पासबुक, सोसायटीच्या पीककर्जाच्या वेळी भावांनी एकत्र कुटुंब म्हणून सही केली की विभक्त म्हणून, पाणी अर्ज कुणाच्या नावानं भरला, 1998 ला यादी लिहिली असेल तर ती वही कुठं आहे, या गोष्टी नकल विभागात मिळत नाहीत. त्यासाठी ऑर्डर अकरा आहे.

बरं, बहिणीच्या वकिलानं, म्हणजे आपल्यापैकीच एकानं, प्रश्न काढले. कसे काढले? आमच्या पाहण्यातले नमुने बघा. "तुम्ही कैफियतीत खोटा मजकूर लिहिला आहे हे खरे आहे काय?" "वादीला जमिनीपासून वंचित ठेवण्याचा तुमचा उद्देश आहे हे खरे आहे काय?" याला उत्तर एकच येणार, नाही. हे प्रश्न नाहीत, उलटतपासाची रंगीत तालीम आहे. थोडा दोष संहितेचाही आहे. परिशिष्ट 'क' मधला दुसरा नमुना काढून पाहा. त्यात प्रश्नाचा मासला दिलाय तो 'अमुक केलं नाही काय' अशा नकारार्थी वळणाचा. जुन्या इंग्रजी कोर्टांची ती ढब. आपण तिचं "हे खरे आहे काय की" असं मराठी केलं आणि पिढ्यान् पिढ्या तेच चालवलं.

पहिल्याच नियमाच्या शेवटी एक परंतुक आहे, त्यावर बोट ठेवतो. जो प्रश्न दाव्यातल्या वादविषयाशी संबंधित नाही, तो उलटतपासात चालला असता तरीही इथे गैरलागू समजला जाईल. 1972 मध्ये राजनारायण विरुद्ध इंदिरा गांधी या निवडणूक याचिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं हेच सांगितलं. रायबरेलीची ती याचिका पुढे 1975 ला देशभर गाजली, पण तीन वर्षं आधी ती याच ऑर्डर अकराच्या प्रश्नांवरून दिल्लीपर्यंत गेली होती आणि त्यातले कितीतरी प्रश्न गैरलागू ठरले होते, हे फार थोड्यांच्या लक्षात आहे. प्रश्नाचा वादविषयाशी जवळचा संबंध पाहिजे, ही त्या निकालाची कसोटी.

मग चांगला प्रश्न कसा असतो? "1998 ची वाटणी कोणत्या महिन्यात, कोणत्या गावी झाली? कोणता गट कुणाच्या वाट्याला किती आला? त्याची यादी किंवा टाचण लिहिलं का? लिहिलं असेल तर आज ते कुणाच्या ताब्यात आहे? 1998 नंतर कोणत्या साली कोणत्या गटावर पीककर्ज घेतलं आणि अर्जावर धारक म्हणून कुणाकुणाच्या सह्या आहेत?" यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नुसतं 'नाही' असं देता येत नाही. उत्तर दिलं की माणूस बांधला जातो. टाळलं की टाळलेलं दिसतं.

इथे एक बारीक जागा आहे, तिथं थोडं थांबू. "वाटणीच्या वेळी कोण कोण हजर होतं?" हा प्रश्न चालेल का? जुना नियम असा की समोरच्याची बाजू ज्या वस्तुस्थितीवर उभी आहे ती विचारता येते, पण ती तो कोणत्या पुराव्यानं शाबीत करणार ते विचारता येत नाही. साक्षीदारांची नावं आधी काढून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या पानातलं खाणं. भावांचा वकील हीच हरकत घेईल, आणि ती हरकत फालतू नाही. आमचं म्हणणं मात्र असं, की तोंडी वाटणीत ज्यांनी वाटे पाडले ते पंच हे त्या घटनेचाच भाग असतात. लग्न झालं म्हणायचं आणि लावलं कुणी ते सांगायचं नाही, असं कसं? तेव्हा "वाटे कुणी पाडले" असं विचारावं, "तुमचे साक्षीदार कोण" असं विचारू नये. सगळी न्यायालयं हे मान्य करतील असा आमचा दावा नाही. पण भांडायचं असेल तर अशा जागेवर भांडावं, ती भांडण्यासारखी आहे.

आता वळू या हरकतीकडे. पुन्हा ते वाक्य आठवा. खोटा, लबाडीचा, काल्पनिक, पश्चातबुद्धीचा. चार विशेषणं. आणि ही विशेषणं कशाला लावली? प्रश्नाला! अहो, प्रश्न खोटा कसा असेल? "यादी कुणाच्या ताब्यात आहे" हा प्रश्न खरा किंवा खोटा नसतोच. तो संबंधित असतो किंवा नसतो, रास्त असतो किंवा जाचक असतो. कैफियतीत जी भाषा शोभते ती आपण उचलून म्हणण्यावर चिकटवली. म्हणणं म्हणजे जणू छोटी कैफियत, असा आपला समज झालाय.

सहावा नियम हरकतीच्या जागा मोजून देतो : प्रश्न बदनामीकारक आहे, गैरलागू आहे, दाव्याच्या कामासाठी प्रामाणिकपणे विचारलेला नाही, या टप्प्यावर तितका महत्त्वाचा नाही, किंवा ती माहिती विशेषाधिकारानं राखलेली आहे, शिवाय अन्य कोणतंही कारण. आणि ही हरकत कुठं घ्यायची? उत्तराच्या शपथपत्रात, त्या त्या प्रश्नापुढे. म्हणजे कायद्याला अपेक्षित असं आहे की प्रश्न तीनला उत्तर, प्रश्न चारला हरकत आणि तिचं कारण, प्रश्न पाचला पुन्हा उत्तर. सगळाच संच अवाजवी, लांबलचक, जाचक वाटला तर तो रद्द करून घ्यायला सातव्या नियमाखाली सात दिवसांत वेगळा अर्ज आहे. आपण दोन्हीची खिचडी करून एक सरसकट वाक्य ठोकतो आणि तारीख घेतो.

आम्ही हे सोवळ्यात उभं राहून बोलत नाही. आमच्याही फायली काढल्या तर हेच वाक्य निघेल. एकदा तर शेतजमिनीच्या दाव्यातल्या आमच्याच म्हणण्यात "सदर घरजागेबाबत" असा मजकूर तसाच राहिला होता. संगणकावरच्या जुन्या मसुद्यातून आला. समोरच्या वकिलानं वाचला नाही. कोर्टानंही त्यावर काही विचारलं नाही. तीन महिन्यांनी आमच्याच लक्षात आलं. ही गोष्ट सांगताना हसू येतं, पण ज्या पक्षकाराचे ते प्रश्न होते, त्याच्या हातात त्या तीन महिन्यांत काहीच पडलं नव्हतं.

कागदांच्या बाबतीत तर संहितेनं फार सुंदर साचा दिलाय. परिशिष्ट 'क' मधला पाचवा नमुना, दस्तऐवजांचं शपथपत्र. त्याची रचना बघा. पहिल्या यादीचे दोन भाग : एक, माझ्याकडे आहेत आणि दाखवायला हरकत नाही, दोन, माझ्याकडे आहेत पण दाखवायला हरकत आहे, आणि ती अमुक कारणानं. दुसरी यादी : पूर्वी माझ्याकडे होते, आता नाहीत, शेवटचे केव्हा होते, त्यांचं पुढे काय झालं, आता कुणाकडे आहेत. म्हणजे 'हरवला' एवढं म्हणून सुटका नाही. केव्हा हरवला, शेवटचा कुणी पाहिला, हे शपथेवर लिहायचं. घरातल्या ट्रंकेचा हिशेब इतक्या नेटकेपणानं विचारणारा दुसरा सरकारी कागद आम्हाला ठाऊक नाही. आणि हा नमुना आमच्या बार रूममध्ये किती जणांनी भरलाय, ते आम्ही विचारणार नाही.

मागायच्या कागदाला पुराव्यात स्थान असलंच पाहिजे असंही नाही. इंग्लंडमध्ये 1882 साली पेरुव्हियन ग्वानो कंपनीच्या खटल्यात कसोटी ठरली, की ज्या कागदामुळे पुढच्या चौकशीचा धागा सापडू शकतो तोही संबंधित. आपल्याकडे 1972 च्या एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर निकालात सर्वोच्च न्यायालयानं तशीच व्यापक भूमिका घेतली. पण व्यापक म्हणजे मोकाट नव्हे. "गेल्या चाळीस वर्षांचे सर्व हिशेब हजर करावेत" अशी मागणी आली तर ती जाचक आहे, अशी हरकत घेणं रास्तच. बाराव्या नियमात कोर्टालाही सांगितलंय, दाव्याच्या न्याय्य निकालासाठी किंवा खर्च वाचवण्यासाठी गरज नसेल तर आदेश देऊ नये. वकिलाशी केलेला पत्रव्यवहार मागितला तर विशेषाधिकार आहेच. पूर्वी पुरावा अधिनियमात होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. हरकत घेणं पाप नाही. कारण न देता घेणं, आणि तिच्याआड काय ठेवलंय ते न सांगणं, हा दोष आहे.

अमेरिकेत हाच रोग होता. तिथल्या वकिलांनाही "अस्पष्ट, जाचक, अतिव्यापक" अशी विशेषणांची माळ जपायची सवय. 2015 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी नियम बदलला : हरकत नेमकी लिहायची, आणि त्या हरकतीमुळे काही कागद मागे ठेवलेत की नाही हे सांगायचं. छोटासा बदल. आम्हाला तो फार शहाणपणाचा वाटतो, कारण हरकतीतला सगळ्यात मोठा लपंडाव तिथंच असतो. हरकत घेतली, पण कपाटात मुळात काही आहे की नाही?

आता जरा कल्याणजवळ जाऊ. हाजी मलंगच्या डोंगराखालच्या एका जमिनीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता, गोपाळ कृष्णाजी केतकर विरुद्ध मोहम्मद हाजी लतीफ, निकाल 1968 चा. वाद असा की जमीन दर्ग्याची की व्यवस्थापकाची स्वतःची. व्यवस्थापकांनी साक्षीत कबूल केलं की त्या जमिनीचं उत्पन्न आपण घेतो, दर्ग्याच्या उत्पन्नाचा हिशेबही वेगळा ठेवलेला आहे. पण ना स्वतःचा हिशेब हजर केला, ना दर्ग्याचा. बचाव काय? शाबीत करण्याचा भार आमच्यावर नव्हता, आणि आम्हाला कुणी हजर करायला सांगितलंही नव्हतं. न्यायालयानं तो मानला नाही. ज्याच्याकडे उत्तम पुरावा आहे त्यानं तो पुढे आणलाच पाहिजे, भार कुणावरही असो. न आणल्यास त्याच्याविरुद्ध अनुमान निघेल. 1917 साली प्रिव्ही कौन्सिलनंही कागद दाबून भाराच्या तत्त्वामागं दडण्याच्या या रिवाजावर टीका केली होती, तिचाही आधार घेतला.

हा निकाल आपण सगळे युक्तिवादात वापरतो. आणि इथेच आमची तक्रार आहे. तो इतका सोयीचा आहे की त्यामुळे ऑर्डर अकराकडे दुर्लक्ष करायला निमित्त मिळतं. "शेवटी विरुद्ध अनुमान मागू की!" पण शेवटी म्हणजे केव्हा? मुद्दे निघून, साक्षी होऊन, बदलून आलेल्या तिसऱ्या न्यायाधीशांपुढे. तोवर मोसंबीची झाडं म्हातारी होतात. शिवाय अनुमान काढणं कोर्टावर बंधनकारक नाही. "मागितलं होतं, आदेश झाला होता, तरी दिलं नाही" असं रोजनाम्यावर असेल तर त्या अनुमानाला वजन येतं. काहीच मागितलं नसेल तर पहिला सवाल हाच येतो, तुम्ही अर्ज का दिला नाही?

न्यायमूर्ती दलवीर भंडारी यांच्या दोन निकालांची आठवण करून देतो. 2011 चा रामरामेश्वरी देवी आणि 2012 चा गोव्यातला मारिया मार्गारिदा. पहिल्यात दिवाणी कोर्टांना सांगितलं, कागद उघड करणं, हजर करणं, लेखी प्रश्न ही साधनं सुरुवातीलाच वापरा, खोट्या दाव्यांची हवा तिथंच निघेल. दुसरा बहीण-भावाच्या घराचा. भाऊ राखणदारासारखा राहिला आणि नंतर ताबा सोडेना. त्यात कैफियतीत नुसता नकार चालणार नाही, ताब्याचा तपशील आणि कागद द्या, असं बजावलं. आमच्या उदाहरणातल्या बहिणीला हे दोन्ही निकाल वरदान वाटावेत असे आहेत. पण निकालातला उपदेश आणि तालुका कोर्टातली तारीख यांच्यात एक मोठी दरी आहे, आणि तिचं खापर फक्त वकिलांवर फोडणं बरोबर नाही.

कायद्यातच खोट आहे. बघा : प्रश्न विचारायला आधी कोर्टाची परवानगी. त्या अर्जाचा निर्णय सात दिवसांत व्हावा असं दुसरा नियम म्हणतो. उत्तराला दहा दिवस, "किंवा कोर्ट देईल ती मुदत". या शेपटातच सगळं अडकतं. आणि उत्तर दिलंच नाही तर? एकविसावा नियम : वादी असेल तर दावा काढून टाका, प्रतिवादी असेल तर बचाव काढून टाका. एकदम सुळावर! साहजिकच सर्वोच्च न्यायालयानं 1978 च्या बब्बर सुइंग मशीन प्रकरणात सांगितलं, ही शिक्षा अगदी टोकाच्या प्रसंगी, जाणूनबुजून अवज्ञा असेल तरच. तेही बरोबर आहे. एका चुकलेल्या तारखेपायी कुणाचा बचाव मारू नये. पण मधली पायरी कुठंय? एक तर काहीच नाही, नाहीतर फाशी. खोट्या दाव्याबचावाबद्दलचा भरपाई खर्च कलम 35-अ प्रमाणे तीन हजार रुपयांच्या वर जात नाही. बागेतल्या एका चांगल्या झाडाच्या मोसंबीचे पैसे! न्यायाधीश मधली वाट म्हणून 'शेवटची संधी' देतात. मग अजून एक शेवटची संधी.

व्यापारी दाव्यांसाठी 2015 च्या कायद्यानं हा सगळा आदेश नव्यानं लिहिला. तिथं दाव्याबरोबरच शपथेवर सांगावं लागतं की प्रकरणाशी संबंधित, माझ्या ताब्यातले सर्व कागद मी उघड केले आहेत. मागण्याची वाट बघायची नाही. दडवलं तर जबर खर्च बसवता येतो. 2018 पासून तीन लाखांवरचे व्यापारी वाद त्यात येतात. म्हणजे मोटारपंपाच्या व्यापाऱ्याची थकबाकी असेल तर कागद आपोआप उघड, आणि बहिणीच्या हिश्श्याची आठ एकर असेल तर "मजकूर मान्य व कबूल नाही". हा भेद आम्हाला खटकतो. हीच सक्ती वाटणीच्या दाव्यांना लावावी असं आमचं मत आहे. अर्थात अडचण दिसते आहे : ज्या बाईला स्वतःची सही कशावर घेतली ते माहीत नाही, तिनं 'सर्व कागद उघड केले' असं शपथेवर लिहायचं, आणि उद्या एखादी जुनी पावती निघाली की तीच खोटी ठरायची. तेव्हा सक्ती ताबा असलेल्या बाजूला आधी लागू करावी. कपाट ज्याचं, शपथ त्याची पहिली.

कायदा बदलेपर्यंत काय? परवानगी न लागणारी दोन साधनं हाताशी आहेत, ती वापरावीत. समोरच्यानं कैफियतीत ज्या कागदाचा उल्लेख केलाय तो बघायला मागणारी पंधराव्या नियमाची नोटीस. आणि ऑर्डर बारा खाली कागद किंवा वस्तुस्थिती कबूल करण्याची नोटीस. कागदाच्या नोटिशीला नीट नकार दिला नाही तर तो कबूल धरता येतो. विनाकारण नाकारलं तर शाबीत करण्याचा खर्च नाकारणाऱ्यावर.

एका तरुण वकिलांनी चिठ्ठी पाठवलीय, प्रश्न किती असावेत? अमेरिकेच्या केंद्रीय नियमात पंचवीसची मर्यादा आहे. आपल्याकडे आकडा नाही, पण कोर्टाच्या आदेशाशिवाय एका पक्षकाराला दुसरा संच देता येत नाही, म्हणून लोक पहिल्याच संचात साठ-सत्तर कोंबतात. आम्ही दहाच्या पुढं जात नाही. एकाच पानावर बसले तर न्यायाधीश ते उभ्या उभ्या वाचतात, आणि समोरच्याला प्रत्येक प्रश्नापुढे काहीतरी लिहावंच लागतं.